मनातलं सांगायला मराठीत शब्दच नाही म्हणे!

तिरकस_तात्या (धागाकर्ता)
काल एका समुपदेशक ताईंची पोस्ट तीन समूहांतून माझ्यापर्यंत आली. म्हणे, ‘सेल्फ-रिव्हिलेशनला मराठीत शब्द नाही, कारण मराठी माणसाला स्वतःबद्दल बोलताच येत नाही.’ खाली बदामांचा पाऊस. रात्रभर डोकं फिरलंय, म्हणून इथे ओकतो.

शब्द नाही? आत्मनिवेदन, आत्मकथन, आत्माविष्कार, आत्मप्रकटीकरण, कबुली, मन मोकळं करणं. जास्त झालं की आत्मप्रौढी, आणि बळेच ऐकवलं की रडगाणं. प्रत्येकाची छटा वेगळी. आत्मचरित्र बहुधा जन्मगावी सुरू होतं आणि सत्कारापाशी संपतं. १९७८ साली दया पवारांचं दलित जगण्यावरचं ‘बलुतं’ आलं, त्याला लोक आत्मकथन म्हणाले ते उगाच नाही. तिथे सत्कार नव्हता, लाज होती.

आणि बोलता येत नाही? तुकोबांनी चारचौघांत सांगितलं, ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. पैसा गेला, अब्रू गेली, बायको भुकेने मेली. याहून उघडं काय बोलायचं माणसाने?

मोरपंखी
तात्या, त्याच अभंगात त्याआधीची ओळ का गाळलीत? ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’. बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो! म्हणजे तुकोबांनासुद्धा आधी परवानगी लागली. ताईंचं म्हणणं हेच आहे.

माझ्या वडिलांना बायपासच्या आदल्या रात्री विचारलं, ‘बाबा, भीती वाटतेय का?’ म्हणाले, ‘दूधवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत.’ तुमच्या यादीतले सगळे शब्द त्यांना येत होते. मराठीचे शिक्षक होते.

कोशात_रमलेला
यादीतून ‘आत्मनिवेदन’ आधी काढा. ती नवविधा भक्तीतली नववी. दासबोधात चौथ्या दशकाचा नववा समास वाचा. तिथे ‘मी कोण’ हे शोधता शोधता ‘मी’च उरत नाही. स्वतःविषयी सांगणं नव्हे, स्वतःलाच देऊन टाकणं. नैवेद्य आणि निवेदन एकाच धातूचे आहेत. आता निवेदन म्हणजे तहसीलदाराला द्यायचा कागद, तो भाग वेगळा.

आणि हो, वाहिन्यांवर रोज ‘अभिनेत्रीचा धक्कादायक खुलासा’ चालतो त्याचं काय? खुलासा म्हणजे मराठीत स्पष्टीकरण. हिंदीतला ‘गौप्यस्फोट’ हा अर्थ या लोकांनी आपल्या गळ्यात मारला. मूळ अरबीत तर त्याचा अर्थ सार, गोषवारा. उर्दूत अजून तसाच आहे.

तिरकस_तात्या
खुलाशाचा धागा वेगळा काढा हो.

अकरावा_गडी
का काढायचा? कोशवाले, भाषा वाहती असते. माझी मुलगी ‘खुलासा’ गौप्यस्फोटाच्याच अर्थाने वापरते आणि समोरच्याला कळतं. झालं की.

कोशात_रमलेला
वाहती आहे म्हणून गटाराचं पाणीही तीर्थ म्हणून प्यायचं का?

अकरावा_गडी
मुलीच्या भाषेला गटार म्हणालात. वा. ‘खुलासा’ फारसीमार्गे आला तेव्हा तुमच्यासारखाच कोणीतरी पेशव्यांच्या दप्तरात नाक मुरडत बसला असेल.

निवृत्त_कारकून
खुलाशाबद्दल मी बोलतो, एकतीस वर्षं तेच मागवले आणि तेच लिहिले. ‘आपणाकडून तीन दिवसांत लेखी खुलासा सादर व्हावा, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ हे वाक्य झोपेतही टाइप होईल. गंमत बघा, कागद माणसाला ‘सांग’ म्हणतो, पण सांगायचं काय हे ठरलेलं असतं. मलाही एकदा आला. सकाळी हजेरीपटावर लाल रेघ, दुपारी नोटीस. आदल्या रात्री वडील घरातून निघून गेले होते. विसरायचे ते सगळं. पहाटे एसटी स्टँडवर सापडले, अंगात फक्त बनियन, हातात माझ्या शाळेची जुनी छत्री. मला शाळेतून आणायला निघाले होते.

जात्यावरची
काका... थांबले जरा वाचताना.

मूळ प्रश्नावर येते. सगळे पुरुषांचे ग्रंथ काढून बसलात. बायका पहाटे जात्यावर काय करत होत्या? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या जमवल्या. सासर, माहेर, सवत, पोटी मूल नसणं, सगळं त्यात आहे. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात नवऱ्याच्या माराबद्दल अभंगात लिहिलं. शब्द नव्हता म्हणून कोणी अडलं नाही.

मोरपंखी
मान्य. पण ओवी जात्याला सांगितली, नवऱ्याला नाही. माझी आजी दळताना गायची त्यातलं आजोबांना चाळीस वर्षांत काही कळलं नव्हतं. शेजारच्या खोलीतच झोपलेले असायचे. ऐकणारा नसेल तर ते प्रकटीकरण कसलं?

जात्यावरची
ऐकणारी समोर होती ना! जात्याचा खुंटा दोघी धरतात. पलीकडच्या जावेला सगळं कळायचं. पुरुषाने ऐकलं तरच ते धरायचं का?

मोरपंखी
...हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

तिरकस_तात्या
माझ्याही. ठीक आहे, ताईंचं अर्धं बरोबर. शब्द आहेत, आपण घरात वापरत नाही. बदाम मात्र मी देणार नाही. आणि आत्मनिवेदन यादीतून काढलं, कोशवाले, आता तरी शांत व्हा.

कोशात_रमलेला
‘आत्मप्रकटीकरण’पण काढा. ते शब्द नव्हे, शासकीय परिपत्रक वाटतं.

अकरावा_गडी
काका, मग खुलाशात काय लिहिलंत?

निवृत्त_कारकून
‘घरगुती अडचणीमुळे विलंब झाला. पुन्हा असे होणार नाही.’ त्यावर साहेबांचा शेरा आला, ‘खुलासा समाधानकारक नाही.’

मोरपंखी
छत्रीचं कोणाला सांगितलं होतंत का याआधी?

निवृत्त_कारकून
नाही. इथे टोपणनाव आहे म्हणून.