डेंग्यूच्या सर्वेला जातोय, लोक दारच उघडत नाहीत

घामाघूम:
आमच्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढलेत म्हणून सात-आठ जणांनी व्हॉलंटियर म्हणून नावं दिली. काम म्हणजे घरोघरी जाऊन साठलेलं पाणी बघायचं आणि लोकांना सांगायचं. चार दिवसांत निम्मी दारं उघडलीच नाहीत, उघडली ते "आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं हो" म्हणून बोळवण करतात, एका काकांनी तर "आधी धूर मारा, मग या" असं सुनावलं. पत्रकं वाटून वाटून कंटाळलो. याचा खरंच काही उपयोग होतो का? आणि पेशंटच्या घरात जायला घरचे नको म्हणतायत, त्यांना काय सांगू?

रिकामी बादली:
घरच्यांना सांग, डेंग्यू शिंकल्याने-हात लावल्याने लागत नाही, मधे डास लागतोच. उलट पेशंटचं घर आधी घे, त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना चावतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून पेशंटला दुपारीसुद्धा मच्छरदाणीत झोपायला सांग.

आणि पत्रकं ठेव बाजूला, टॉर्च ने. स्वच्छ म्हणणारे खोटं बोलत नाहीत रे, या डासाला तसलंच पाणी आवडतं. मी एका टापटीप घरात फ्रीजच्या मागचा ट्रे बघितला, असा ट्रे असतो हेच त्यांना माहीत नव्हतं, टॉर्च मारल्याबरोबर अळ्या वळवळत तळाशी गेल्या. बाई बघतच राहिल्या आणि मग स्वतःच शेजारणीला बोलावून आणलं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं, पण नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. काकांना सांगून बघ, ऐकतील असं नाही.

जुनी वही:
1854 च्या लंडनच्या कॉलऱ्यात सगळ्यांना डॉक्टर जॉन स्नो आणि पंपाचं हँडल आठवतं; साथ रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यातून पसरतेय असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून ते हँडल काढायला लावलं. पण तिथला एक तरुण पाद्री होता, हेन्री व्हाइटहेड. त्याला स्नोचं म्हणणं पटलंच नव्हतं, खोडून काढायचं म्हणून त्याच त्या घरी पुन्हा पुन्हा गेला, कोण कधी आजारी पडलं, पाणी कुठलं प्यायलं विचारत बसला, आणि शेवटी पटलं! साथ ज्या तान्ह्या बाळापासून सुरू झाली असावी ते घरसुद्धा त्यानेच शोधलं. ओळखीचा माणूस होता म्हणून लोक बोलले. चार दिवस म्हणजे काहीच नाही.

स्पष्टच सांगते:
सगळं ठीक, पण डॉक्टरकी करू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने अंगदुखीवर स्वतःकडची आयबुप्रोफेनची गोळी दिली होती, डेंग्यूत ती आणि ॲस्पिरिन चालत नाही, रक्तस्राव होऊ शकतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं लोकांना वाटतं, तिथेच खरी मेख आहे. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच हॉस्पिटल, एवढंच सांगून निघायचं.

घामाघूम:
काल टॉर्च घेऊन गेलो. काका धुरावरून परत भांडले, पण या वेळी मी मधे बोललोच नाही. मग म्हणाले, टाकीच्या झाकणाला चीर पडलीय, कधीपासून सांगतोय कोणी बघत नाही, आणि गच्चीवर घेऊन गेले. सध्या त्यावर जाड कापड घट्ट बांधून आलोय. रविवारी परत बोलावलंय.