आगीचं कारण शोधायला न शिकवता इमारत तपासायला कसं शिकवणार?

हातखोरं

काल नळीवाला यांनी लिहिलं, "अग्निशमन अधिकाऱ्याला आगीचं कारण शोधायला शिकवणं ही वेळेची नासाडी आहे. ते काम पोलिसांचं आणि प्रयोगशाळेचं. अधिकाऱ्याच्या हातात चेकलिस्ट द्या, ४० तासांत तपासणीला तयार." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

चेकलिस्ट काय करते ते 'द स्टेशन' नाइटक्लबच्या आगीत दिसलं. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड, फेब्रुवारी २००३, १०० मृत्यू. तपासणी झालीच नव्हती असं नाही. स्टेजजवळचं दार आत उघडतं, हा शेरा तपासनिसाने पुन्हा पुन्हा मारला होता. त्याच दाराभोवतीच्या भिंतींवर भरभर पेटणारा पॉलियुरेथेन फोम चिकटवलेला होता, त्यावर अवाक्षर नाही. दार प्रत्येक यादीत असतं, म्हणून दिसलं. फोम दिसायला तो पेटताना पाहिलेला असावा लागतो.

म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी जळकी खोली, मग चेकलिस्ट. एकूण ८० तास धरा. साधारण ३ बाय ४ मीटरच्या दोन खोल्या, लोखंडी सांगाडा, आतून जिप्सम बोर्ड. दोन्हीत फोमचा सोफा, पडदा, गालिचा, सामान सारखंच. फक्त दार वेगळ्या भिंतीत. छतापासून जमिनीपर्यंत दर ३० सेंटिमीटरला एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार. पहिली खोली लवकर विझवायची. दुसरी फ्लॅशओव्हरनंतर, म्हणजे सगळी खोली एकदम पेटल्यावर, दोन मिनिटं जळू द्यायची. आग कुठे लावली ते शिकणाऱ्यांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं, ब्रश आणि ६ मिलिमीटरची चाळणी देऊन त्यांना आत सोडायचं.

मग त्याच माणसाला इमारतीत न्या. फायर डोअरपुढे (आग अडवणाऱ्या दारापुढे) तो 'दार आहे' अशी खूण करून पुढे सरकत नाही. खालची पाचर काढतो, दार जेमतेम १५ अंश उघडून सोडतो, लॅचची जीभ खाचेत बसली का ते बघतो, चौकटीजवळची फट ३ मिलिमीटरच्या वर गेलीय का ते पत्र्याच्या गेजने मोजतो. आणि शिडी मागवून फॉल्स सीलिंगची टाइल उचलतो. भिंत खरंच स्लॅबपर्यंत गेलीय की टाइलच्या वर अर्धा मीटर उघडं रान आहे, हे खाली उभं राहून कधीच कळत नाही.

नळीवाला

माझं अर्धंच वाक्य उचललंत. पुढचं वाक्य होतं, "अर्धवट शिकलेला तपास अधिकारी अजिबात न शिकलेल्यापेक्षा घातक." ते बरं गाळलंत!

लाइम स्ट्रीटवरच्या घराची आग आठवतेय ना? अमेरिकेतलं जॅक्सनव्हिल, १९९०. जमिनीवरचे जळल्याचे डाग आणि आगीचा वेग बघून 'पेट्रोल ओतलं' असा निष्कर्ष निघाला, घरातल्याच माणसावर खुनाचा आरोप. मग शेजारच्या तशाच घरात तसंच सामान लावून फक्त सोफा पेटवून पाहिला, तर साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर! पेट्रोलचा थेंब नव्हता. आरोप मागे घ्यावे लागले. तो आधीचा निष्कर्ष काढणारे अडाणी नव्हते, कोर्स केलेले होते.

दुसरं, २००५ सालची लास व्हेगासची चाचणी. अशाच दोन खोल्या फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जाळल्या आणि ५३ तपासनिसांना विचारलं, आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली. पहिल्या खोलीत ३ जणांचं उत्तर बरोबर, दुसऱ्या खोलीतही ३. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी १३ जणांचं बरोबर आलं असतं. तुमच्या ८० तासांतून बाहेर पडलेला तिथे काय दिवे लावणार?

हातखोरं

ही चाचणी माझ्या बाजूने बोलते, तुमच्या नाही. ते ५० जण का चुकले? 'जिथे जास्त जळलं तिथे सुरुवात' या जुन्या सवयीने. फ्लॅशओव्हरनंतर हवा ठरवते कुठे जळायचं ते. दारातून हवा आत येते, म्हणून दारासमोरची भिंत पांढरी पडेपर्यंत जळते. आग लागली असते भलत्याच कोपऱ्यात. म्हणूनच वर लिहिलंय, दुसऱ्या खोलीचं दार वेगळ्या भिंतीत ठेवा. शिकणारा स्वतः तोंडघशी पडला की भिंतीवर 'व्ही' आकाराचा डाग दिसताच 'इथेच सुरुवात' म्हणून बोट रोखायची खोड जाते.

तडकलेल्या काचेचंही तेच. 'बारीक तडे म्हणजे झपाट्याने तापली, म्हणजे पेट्रोल' असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यानंतर जळालेली ५० घरं तपासली, तशी काच १२ घरांत सापडली. तिथे कोण पेट्रोल ओतत फिरलं होतं? तापलेल्या काचेवर पाणी पडलं की असे तडे जातात. तापलेल्या काचेवर पाण्याचा शिडकावा करून वर्गातच पाच मिनिटांत दाखवता येतं.

पंपघर

तुम्ही दोघं खोल्या जाळत बसा. इकडे आगीच्या पाण्याच्या पंपाचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर असतो, म्हणजे पंप आपोआप सुरूच होणार नाही, ते कोण बघणार?

तपासणीचं प्रशिक्षण म्हणजे गेज वाचायला शिकवणं, आणि नेमकं तेच होत नाही. गेजवर ७ बार दिसले की सही. अहो, पाणी वाहत नसेल तर अर्धवट बंद व्हॉल्व्हच्या पलीकडेही ७ बारच दिसणार! मेन ड्रेन (स्प्रिंकलरच्या मुख्य पाइपातलं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा, काटा स्थिर होऊ द्या, वाहतानाचा दाब लिहा, मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघा. मागे ५ होता आणि आज ३ आलाय, तर मध्ये कुठेतरी व्हॉल्व्ह दाबलाय किंवा पाइप चोंदलाय. त्यानंतर स्प्रिंकलरच्या सगळ्यात लांबच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडायचा आणि घड्याळ लावायचं: घंटा कधी वाजली, पंप आपोआप कधी सुरू झाला. के-८० (हा प्रवाहाचा गुणांक) चं एक स्प्रिंकलर हेड १ बारला मिनिटाला ८० लिटर देतं, अर्ध्या बारला ५७. हा हिशोब वर्गमूळाचा आहे, पाठ करायचा नाही.

१९९१, फिलाडेल्फिया, वन मेरिडियन प्लाझा. ३८ मजले, आग २२ व्या मजल्यावर, ३ जवान गेले. हायड्रंटवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीच्या दाबावर लावलेले, नोझलला पुरेसा दाबच मिळेना. आग थांबली ती ३० व्या मजल्यावर, १० स्प्रिंकलर हेड्सनी. व्हॉल्व्ह आधी उघडून दाब मोजला असता तर? तपास आणि राखेचं शास्त्र नंतर.

हातखोरं

पंपघर, त्याच आगीचं मूळ काय होतं ते का गाळलंत? जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या, आपोआप तापून पेटलेल्या. लाकूडकामाच्या पॉलिशसाठी वापरून तशाच टाकलेल्या. इमारतीत काम चालू असेल तर तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यात आहेत का, हे कारण शोधून झाल्यावरच कुणाच्या तरी यादीत चढतं.

व्हॉल्व्हबद्दल मात्र शंभर टक्के मान्य.

तारजोडणी

तपासाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. कोर्स ४० तासांचा असो की ८० चा, पहिला तास 'शॉर्ट सर्किट' हे शब्द लिहायला बंदी घालण्यात घालवा.

जळालेल्या तारेवर तांब्याचा गोळा दिसला की निकाल तयार. पण आग दुसऱ्याच कशाने लागली आणि वायरचं इन्सुलेशन जळलं, तरी चालू तारेवर आर्क (विजेची ठिणगी) होतो आणि तसाच गोळा बनतो. गोळा एवढंच सांगतो की त्या क्षणी तारेत वीज होती. त्याचा उपयोग उलटा: एकाच सर्किटवर अनेक ठिकाणी आर्क असतील तर पुरवठ्यापासून सगळ्यात लांबचा बहुधा आधीचा, कारण तार तुटल्यावर पलीकडे वीज पोचत नाही.

खरा चोर असतो सैल जोड. १० अँपिअरचा भार, जोडाचा रोध ०.३ ओहम, तर त्या एका टर्मिनलवर ३० वॉट. जोड लाल होईल, सॉकेटचं प्लास्टिक कोळसा होईल, आणि १६ अँपिअरचा ब्रेकर ढिम्म हलणार नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. म्हणजे 'ब्रेकर पडला नाही, तेव्हा कारण विजेचं नाही' हेही चूक आणि 'ब्रेकर पडला, तेव्हा कारण विजेचंच' हेही चूक.

शंकेखोर

गोळ्याचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की तो आगीआधीचा की नंतरचा ते कळतं. धातुशास्त्र नावाची गोष्ट असते. सगळंच धाब्यावर बसवायचं का?

तारजोडणी

कळतं असा दावा करणारे खूप आहेत. आगीत तोच गोळा तासभर भाजून निघाल्यावर त्याची मूळ रचना तुम्ही कशी वाचणार ते सांगा. एकट्या गोळ्यावर 'आधीचा' असा निकाल देणं म्हणजे पत्रिका बघणं.

धातुशास्त्रच हवं असेल तर हे घ्या. तांबं १०८५ अंशांना वितळतं. तार वितळलेली दिसली की 'एवढी उष्णता साध्या आगीत येत नाही, नक्की काहीतरी ओतलं' असं लिहितात. वर ॲल्युमिनियमचं काही असेल तर ते ६६० ला वितळून तांब्यावर गळतं, आणि दोघांचं मिश्रण ५४८ अंशांपासूनच वितळू लागतं. तुटलेल्या टोकाला चंदेरी झाक दिसली की आधी वर बघा, वर काय होतं.

शंकेखोर

पत्रिका वगैरे शब्द जपून वापरा. प्रयोगशाळेत नमुना पाठवूच नये असं म्हणायचंय का?

तारजोडणी

नमुना पाठवा, पण पॅनेल कसं होतं तेही पाठवा! कुठला ब्रेकर चालू, कुठला बंद, कुठला मधल्या अवस्थेत पडलेला, याचा फोटो कुणी हात लावण्याआधी काढलेला हवा. पण नळीवाला यांचे लोक आत शिरले की पहिला झटका मेन स्विचला आणि पाठोपाठ सगळे ब्रेकर खाली. संपलं. मग बसा गोळे बघत.

नळीवाला

वा! म्हणजे जवानाने चालू पॅनेलजवळ पाण्याची नळी धरून आधी फोटोसेशन करायचं? सोफ्याच्या आत धुमसत राहिलं आणि दोन तासांनी पुन्हा पेटलं तर जबाबदार कोण, तुमचं पॅनेल?

तारजोडणी

मेन बंद करा, त्याला कोण नाही म्हणतंय? एकच स्विच पाडायचा आणि कुठला पाडला ते वायरलेसवर सांगायचं. बाकीच्यांना हात लावू नका, इतकंच. सोफा बाहेर न्यायचाच असेल तर कुठून उचलला तिथे खडूची खूण करा. ढिगारा खिडकीतून खाली फेकून त्यावर जेट मारत बसू नका. फवारा वापरा, ढिगारा त्याच खोलीत राहू द्या.

नळीवाला

ठीक. एक स्विच, वायरलेसवर नोंद, खडूची खूण, फवारा. एवढं चार तासांत शिकवून होतं, म्हणजे माझ्या ४० तासांत बसतं. धन्यवाद, माझाच मुद्दा सिद्ध केल्याबद्दल!

पुरावा भरण्याचे तासही मीच देतो, कारण तिथे चुका आमच्याच लोकांकडून होतात. नमुना पॉलिथिनच्या पिशवीत भरतात, वाफ प्लास्टिकमधून निघून जाते. रंगाचा असतो तसा धातूचा कोरा डबा घ्यावा, दोन तृतीयांशच भरावा, वरची जागा प्रयोगशाळेला वाफ काढायला लागते. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. त्याच गालिच्याचा संशय नसलेला तुकडा तुलनेसाठी वेगळ्या डब्यात. आणि पेट्रोलवर चालणारी करवत आत भरायची नाही. आपणच सांडलेलं पेट्रोल प्रयोगशाळेला सापडतं.

हातखोरं

म्हणजे 'वेळेची नासाडी' म्हणत म्हणत अर्धा अभ्यासक्रम तुम्हीच लिहिलात की.

नळीवाला

नमुना भरणं वेगळं, कारण ठरवणं वेगळं. जागा राखा, नोंदा, भरा, आणि कारणाच्या रकान्यात 'अनिश्चित' लिहायची हिंमत शिकवा. 'दुसरं काही सापडलं नाही, म्हणून शॉर्ट सर्किट' किंवा 'म्हणून लावलेली आग', या पद्धतीला एनएफपीए ९२१ ने (आगीच्या तपासाची अमेरिकन मार्गदर्शिका) २०११ च्या आवृत्तीतच अशास्त्रीय ठरवलंय. तरी अहवाल तसेच येतात. माझा विरोध त्या रकान्याला आहे.

हातखोरं

त्या रकान्याबद्दल मान्य. पण 'अनिश्चित' लिहायलाही खोली आधी जाळून बघितलेली लागते. ज्याने पाहिलं नाही त्याला सगळंच निश्चित वाटतं. ८० चे ६० करतो. त्यातले १६ जळक्या खोल्यांचे, त्यांना हात लावू देणार नाही.

पंपघर

उरलेल्या ४४ मध्ये मेन ड्रेनला किती?

हातखोरं

चार. आणि सिलेक्टर ऑटोवर आहे का ते बघायला अर्धं मिनिट.

पंपघर

चार तासांत पंप रूमपर्यंत जाणं-येणंच होतं. सहा द्या.

शंकेखोर

धातुशास्त्राला शून्य, असंच ना? लक्षात ठेवतो.

तारजोडणी

तुम्हाला एक तास देतो. गोळा आणि चंदेरी टोक, दोन्ही टेबलावर ठेवतो. कुठला कसला ते न सांगता.