कॅपर घेण्याआधी बाटलीची मान बघा

कॅपर म्हणजे काचेच्या बाटलीवर पत्र्याचं दातेरी झाकण दाबून बसवायचं यंत्र. दोन दांड्यांचा हाती कॅपर स्वस्त पडतो, तोच घ्या असा सल्ला मिळतो. स्वस्त आहे, कबूल. पण हा कॅपर मानेवरच्या काचेच्या कड्याखाली जबडा अडकवून झाकण दाबतो. कडं बारीक असलं किंवा भलत्याच उंचीवर असलं की जबडा निसटतो, आणि सगळा जोर मानेवरच येत असल्याने पातळ काच तडकू शकते. स्टँडवाल्या कॅपरमध्ये बाटली बुडावर उभी राहते, दाब सरळ वरून येतो आणि एक हात मोकळा राहतो. फक्त बाटल्या उंचीप्रमाणे आधीच वेगळ्या करून ठेवा, नाहीतर दांडा खालीवर करण्यातच जीव जातो.

झाकण बहुतेक बाटल्यांना २६ मिमीचं लागतं. काही युरोपीय आणि शॅम्पेनच्या बाटल्यांना २९ चं, त्यासाठी कॅपरचं तोंड बदलावं लागतं. आट्यांच्या, फिरवून उघडायच्या बाटल्या शक्यतो नकोच. त्यांवर झाकण भरवशाने बसत नाही.

आणि हो, झाकणाच्या मधोमध खळगा पडला म्हणून घाबरू नका. कडेचे दात चहूबाजूंनी सारखे वळलेत का ते बघा. झाकण बोटांनी सहज गरगर फिरलं, तर काढून नवीन लावा.