प्रून्स खाऊन फरक पडला का? अनुभव लिहा

चिंचगूळ: काल सुक्या मेव्याच्या दुकानात प्रून्स (सुकवलेले प्लम) दिसले आणि सासूबाई आठवल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर पडून राहणं, त्यात वेदनाशामक गोळ्या, पोट अगदी घट्ट झालेलं. इसबगोलाला भरपूर पाणी हवं, आणि सारखं उठावं लागेल म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. नणंदेने प्रून्स आणले, रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट द्यायला लागलो. कुंथणं थांबलं तसं जेवणही सुधारलं. तुमचेही अनुभव येऊ द्या.

मीनलताई: कुकर होईपर्यंत लिहिते. लेकाला एक कुस्करून नाचणीच्या सत्त्वात. रडारड बंद!!

रानजाई: मी आहारतज्ज्ञ आहे. 100 ग्रॅममध्ये साधारण 7 ग्रॅम फायबर आणि जवळपास 15 ग्रॅम सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) असतं. ते सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून मल मऊ होतो. 2011 च्या एका अमेरिकन अभ्यासात बद्धकोष्ठाच्या रुग्णांना प्रून्सचा इसबगोलापेक्षा जास्त उपयोग झाला होता. तिथे 50 ग्रॅम दिवसातून दोनदा दिले होते. आपण दोन-तीनांपासूनच सुरू करावं.

उमेश_ठाणे: मला आयबीएस (आतड्यांचा जुनाट त्रास) आहे. प्रून्स खाल्ले तर गॅस आणि कळा, रात्रभर झोप नाही. परत हात लावला नाही.

रानजाई: अरेरे. उमेशदादा, ते सॉर्बिटॉलमुळेच. तुम्ही नकोच खाऊ.

शुभदा: बाबा वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आहेत. प्रून्समध्ये व्हिटॅमिन के बरंच असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो, डॉक्टरांनी आधी विचारायला सांगितलंय. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमचंही बघा. कृपया हे वाचल्याशिवाय कोणी घरच्यांना देऊ नका.

चिंचगूळ: शुभदा, बरं झालं लिहिलंस. बाबा कसे आहेत आता?

शुभदा: बरे आहेत गं. गच्चीत फेऱ्या मारतात.

वैजू: पाळी गेल्यावर डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केली, हाडं ठिसूळ व्हायला लागलीत म्हणाले. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा 2022 चा अभ्यास वाचला. रोज 50 ग्रॅम प्रून्स वर्षभर खाणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकली, न खाणाऱ्यांची घटली. कॅल्शियमच्या गोळ्या आणि चालणं सोडलेलं नाही, पण चारच्या चहाला बिस्किटांऐवजी प्रून्स घेते. मला आवडतात पण!

नागपुरी_संत्रं: इतके महाग कशाला, काळ्या मनुका भिजवा की.

मीनलताई: मनुकांनी आमच्याकडे काही झालं नाही हो. पाकीट उलटं करून वाचा मात्र, काहींत वरून साखर घातलेली असते.

समीर_के: आमच्याकडे बिर्याणीत आलुबुखार घालतात तेच ना हे? अम्मी मूठभर टाकते, आंबट असतात, बीसकट.

वैजू: हो, सुकवलेले प्लमच. समीर, अम्मीची बिर्याणी लिही ना इथे.

समीर_के: विचारून सांगतो. मटणाची की चिकनची?

मीनलताई: मटणाची!! शिट्ट्या झाल्या, पळते.