नेत्रतर्पण करा, पण आधी ड्राय की वेट ते विचारा

आईला मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज, ड्राय नि वेट असे दोन प्रकार) निघालंय, डोळ्यातल्या इंजेक्शनऐवजी आयुर्वेदातलं नेत्रतर्पण चालेल का असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या मावशीचं तर्पण मी जवळून बघितलंय, डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ लावतात, फटी पाण्याच्या बोटाने नीट बुजवतात आणि मग कोमट औषधी तूप आत सोडतात, पेशंटने त्यातच हळूहळू डोळे उघडझाप करायचे. कोरड्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांना बरं वाटतं हे खरंच, मावशी तर खुश होती. पण हा आजार मागच्या पडद्याचा ना! वेट प्रकारात पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात नि गळतात, मधली नजर काही आठवड्यांतसुद्धा जाऊ शकते, आणि ती गळती तुपाने थांबते याला भक्कम पुरावा नाही. तिथे इंजेक्शनच, लवकरात लवकर, त्यात घासाघीस नको. ड्राय असेल तर जरा सवड असते, झिंक-ल्युटीनवाल्या गोळ्या कुणाला द्यायच्या ते डॉक्टर स्टेज बघून सांगतात (सिगरेट ओढणाऱ्यांनी आधी ती सोडा, मग त्रिफळाचं बोला).

आयुर्वेदच हवा तर गोव्यात धारगळला २०२२ पासून केंद्र सरकारची आयुर्वेद संस्था आहे, रेटिनाचे (मागच्या पडद्याचे) रिपोर्ट घेऊन तिथल्या शालाक्यवाल्या (डोळे-कान-नाक-घसा बघणाऱ्या) वैद्यांना दाखवा. घरचं तूप किंवा मध डोळ्यात घालू नका हां, इन्फेक्शन झालं तर भलतंच होऊन बसेल. आणि रोज एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी बघायला सांगा, रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.