मदत हवी आहे : मार्मोसेट माकडात एलएचचं काम सीजीकडे कसं गेलं?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर ओळखलं जाणारं एचसीजी (म्हणजे माणसातलं सीजी, गरोदरपणात वारेतून स्रवणारं संप्रेरक), त्याच्या बीटा साखळीचं (दोन प्रथिन-साखळ्यांपैकी एकीचं) जनुक म्हणजे एलएचच्या (बीजांडाशयातून बीजांड बाहेर पडायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या) बीटा जनुकाची जादा प्रत. मूळ जनुक पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत) राबत राहिलं, प्रत बदलत बदलत वारेत (गर्भाला पोसणाऱ्या अवयवात, प्लासेंटात) कामाला लागली. माणसात 19व्या गुणसूत्रावर अशा सहा प्रती आहेत. किती सुंदर गोष्ट आहे ही!

यवतेश्वर घाटातल्या आपल्या लाल तोंडाच्या माकडांतही पिट्युटरीत एलएच, वारेत सीजी. पण दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेटच्या पिट्युटरीतसुद्धा सीजीच स्रवतं. मग मूळ जनुकाचं काय झालं? एका मुलीने हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. कुणी जाणकार सोप्या मराठीत समजावेल का? आकृती असेल तर फारच बरं, शुक्रवारी तास आहे.