ग्रुपवर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकता, लेखकाचं काय?

कणकवलीकर: परवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कथासंग्रहाची पीडीएफ आली, पानन् पान मोबाईलने स्कॅन केलेलं. लेखक आमच्याच तालुक्यातले, रिटायर्ड शिक्षक. पदरचे पैसे घालून ५०० प्रती काढल्या, निम्म्या अजून माळ्यावर पडून आहेत. खाली २८ जणांनी हात जोडलेत, पुस्तक कुठे मिळेल हे एकानेही विचारलं नाही. २०० रुपये किंमत हो! सुरमई थाळीला यापेक्षा जास्त देतो आपण आणि घासाघीसही करत नाही.

गुहागरची वाचक: दादा, राग कळतो, पण पुस्तक मिळतं कुठे ते सांगा ना. आमच्याकडे दुकानात वह्या आणि गाईडं, कादंबरी हवी तर चिपळूण नाहीतर रत्नागिरी गाठा, एसटीत दिवस जातो. पीडीएफ वाचूनच मला दोन लेखक कळले आणि मग त्यांची बाकीची पुस्तकं मी पुण्याहून विकत मागवली. आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचन मंदिरात पुस्तकांचा लगदा झाला तो आठवा, ज्यांचं स्कॅन नव्हतं ती कायमची गेली.

कणकवलीकर: ताई, जुनं जपायला स्कॅन करा, कोण नको म्हणतंय? कायद्याने लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, त्यांचं खुशाल वाटा. पण चिं. त्र्यं. खानोलकर गेले १९७६ ला, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क वारसांचाच. आणि सर तर हयात आहेत, रोज बाजारात भेटतात!

मालवणचो कवी: माझा पहिला संग्रह मी ई साहित्य प्रतिष्ठानला दिला, ते लेखकाला विचारून ई-पुस्तकं मोफत काढतात. लांबलांबून फोन आले, दुसरा संग्रह त्यामुळेच खपला. पण फुकट दिला तो मी, माझ्या मर्जीने. माका न विचारता कोणी दुसरा संग्रह वाटला तर वाईट वाटतलाच.

गुहागरची वाचक: बरोबर आहे. पण लेखक हयात आहे, प्रकाशक पुन्हा छापत नाही, रद्दीतही मिळत नाही, अशा पुस्तकाचं काय करायचं?

मालवणचो कवी: लेखकाक फोन करा. खूष होऊन स्वतःच पाठवतील बहुतेक.

कणकवलीकर: उद्या सरांकडे जातोय, कोणाला प्रती हव्यात का?

गुहागरची वाचक: माझ्या दोन, पैसे कुठे पाठवू सांगा. आणि फोन करायला लेखकाचा नंबरच मिळत नसेल तर काय, ते राहिलंच.